लिपस्टिक लावायची की नाही, हे काउंटरवरच्या बाईला ठरवू द्या

प्रति,
कोल्हापुरातल्या साड्यांच्या, दागिन्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांचे मालक, शोरूमचे मॅनेजर आणि खासगी दवाखान्यांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला की आपल्या दुकानांत नव्या मुली कामाला लागतात. महाद्वार रोड, गुजरी, राजारामपुरी, शाहूपुरी, सगळीकडे. त्यातल्या बऱ्याच जणी कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पार्लरमध्ये येतात. भुवया करून घेतात आणि निघताना मोबाइल पुढं करतात. दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक फोटो असतो. केस मागं घट्ट बांधलेले, लाल लिपस्टिक, काजळ, टिकली, गोरापान गुळगुळीत चेहरा. खाली लिहिलेलं असतं, 'असं यायचं'. मग मुलगी विचारते, "ताई, ह्यातलं कमीत कमी काय घेतलं तर चालंल ओ?"

तिच्या त्या प्रश्नापायी हे पत्र लिहिते आहे. माझं मागणं आधीच सांगून टाकते. तुमच्याकडं काम करणाऱ्या बायकांवर मेकअपची सक्ती करू नका. आणि ज्या बाईला हौसेनं करायचा आहे, मग ती काउंटरवर असो की झाडू मारणारी असो, तिला तो पुसायला सांगू नका. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

मी पार्लर चालवते. मेकअपवर माझं घर चालतं, मुलांची शिक्षणं त्यावर झाली. तरीही माझ्या धंद्याचा माल कुणाच्या गळ्यात हुकमानं मारला जावा असं मला वाटत नाही. आणि मेकअपवर माझं प्रेम आहे, हेही सांगते. नीट लावलेलं काजळ बघितलं की मला आजही बरं वाटतं.

बायका मेकअपकडं कशा बघतात, ते खुर्चीमागं उभी राहून मी रोज बघते. माझ्याकडं भाजी विकणाऱ्या एक मावशी येतात. पहाटे मार्केट यार्डात माल घ्यायला जाताना त्या मरून लिपस्टिक लावून जातात. विचारलं तर म्हणतात, "अंधारात कोण बघतंय? माझं मला बरं वाटतंय." एक निवृत्त शिक्षिका आहेत. नोकरीत असेपर्यंत त्यांनी पावडरपलीकडं काही लावलं नाही, कारण स्टाफरूममध्ये बोलणी बसायची. आता त्या आयलायनर शिकतात, हात थरथरतो, रेघ वाकडी येते, पुसून पुन्हा काढतात. कॉलेजच्या पोरी घरातून साध्या निघतात आणि केएमटी बसच्या स्टॉपवर एकमेकींच्या आरशात बघून लावतात. संध्याकाळी परत येताना रुमालानं पुसून घरात शिरतात, कारण आईला चालतं पण काकाला चालत नाही. सासूबाईंच्या पिढीत स्नो आणि पावडर एवढंच चालायचं. मुंबईत तयार होणारा अफगाण स्नो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलेला असायचा, असं माझ्या एका सत्तरीच्या गिऱ्हाइकानं सांगितलं. लग्नात मात्र त्याच घरांत मुलीला इतकं रंगवतात की आरशात तिला स्वतःची ओळख पटत नाही, आणि हळद उतरायच्या आत तिला सांगितलं जातं, आता रोज एवढं नटायचं नाही हं.

बिनमेकअपच्या बायकाही माझ्याकडं येतात आणि त्यांना मी तितकंच मानते. "मला नाही आवडत, तोंडावर काहीतरी थापल्यासारखं वाटतं," असं एक बँकेतली ताई म्हणते. तिला केस कापून हवे असतात, बास. तिला समजावत बसायचं काम माझं नाही.

यातली प्रत्येक बाई आपल्यापुरतं ठरवते आहे. कुणी घरच्यांना घाबरून, कुणी हौसेनं, कुणी कंटाळून, पण शेवटी आरशासमोर ती एकटी असते. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोनं तिथं आणखी एक माणूस आणून उभा केला आहे, आणि त्याच्या हातात तिचा पगार आहे.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरच्या बायका माझ्याकडंच येतात, त्यांच्याकडून ते कानावर पडतं. गिऱ्हाईक आधी चेहरा बघतं, दुकानात आल्यावर प्रसन्न वाटलं पाहिजे, नीटनेटकं तर राहायलाच पाहिजे. नीटनेटकं राहायला माझी हरकत नाही. अंघोळ, विंचरलेले केस, धुतलेला युनिफॉर्म, कापलेली नखं, एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि ते तुम्ही पुरुष सेल्समनकडूनही मागता. पण त्याचं नीटनेटकेपण दाढी केली की पूर्ण होतं. तिचं पूर्ण व्हायला फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ, लाली, लिपस्टिक लागते. हा फरक कामाचा आहे का? साडी दोघंही सारखीच उलगडून दाखवतात.

दवाखान्यांत हे आणखी ठळक दिसतं. डॉक्टर मॅडम तोंड धुऊन, केसांचा अंबाडा घालून आल्या की त्या साध्या, कामात बुडालेल्या. त्यांच्याच रिसेप्शनवरची मुलगी तशी आली की तिला विचारतात, "काय गं, आजारी आहेस का? तोंडाला काहीतरी लाव." आणि तिथंच फरशी पुसणाऱ्या बाईनं लिपस्टिक लावली तर सुपरवायझर म्हणतो, "कामाला आलीस की लग्नाला?" या तिन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या बायकांनी खुर्चीत बसून सांगितल्या आहेत. एकाच इमारतीत चेहरा मोकळा ठेवायची मुभा एकीला, रंगवायची सक्ती दुसरीला, आणि रंगवायची बंदी तिसरीला. पगार जसा खाली उतरतो तसा चेहऱ्यावरचा हक्क कमी होत जातो, असं मला दिसतं, आणि याचा मला मनापासून राग येतो.

आता खर्चाचं बघू. ज्या मुली माझ्याकडं येतात त्यांतल्या बहुतेक जणी महिना दहा-बारा हजारांवर काम करतात. कागल, उचगाव, गोकुळ शिरगाव, पन्हाळ्याकडची गावं, तिथून रोज ये-जा. रोज लावायचं म्हटलं तर फाउंडेशन, कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिक भराभर संपतात. बरा माल घेतला तर महिन्याला सातआठशे रुपये सहज जातात. युनिफॉर्म तुम्ही देता, किंवा निदान निम्मे पैसे तरी घालता. चेहऱ्याचा युनिफॉर्म मात्र तिनं तिच्या पदरचा आणायचा. मग ती स्वस्त काय मिळतं ते घेते. नाव ना पत्ता असलेली लिपस्टिक, ज्यावर ना बॅच नंबर ना तारीख. किंवा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये सगळ्याजणींसाठी ठेवलेलं एकच काजळ आणि एकच लिपस्टिक वापरते. हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. एकीचे डोळे आले की आठवड्यात चौघींचे येतात. ओठांवर जर उठला, म्हणजे पाण्याचे फोड आले, तरी तेच. पार्लरमध्ये आम्ही एकीची काजळपेन्सिल दुसरीला लावत नाही, लिपस्टिक स्पॅच्युलानं काढून ब्रशनं लावतो. तुमच्या ड्रॉवरमध्ये हे कोण बघतं?

शिवाय वेळ. पार्टीचा मेकअप चार-पाच तासांसाठी असतो. तुमच्या मुली सकाळी साडेनऊला लावतात आणि रात्री नऊला दुकान बंद झाल्यावर एसटीत बसून घरी जातात. मे महिन्यात घाम आणि फाउंडेशन मिळून कपाळावर, हनुवटीवर पुटकुळ्या उठतात. त्या दिसू नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी थर जाड होतो. घरी पोचल्यावर चपात्या लाटायच्या असतात, मेकअप काढायला नीट तेल नाही, क्लेन्झर नाही, साबणानं खसाखसा तोंड धुतात, कातडी कोरडी पडते. दिवाळी संपली की या मुली माझ्याकडं येतात तेव्हा गालावर खड्डे आणि काळे डाग घेऊन येतात.

आणि रंगाचं तर बोलायलाच हवं. तुमच्या फोटोतली मुलगी गोरी असते. आपल्याकडच्या मुली सावळ्या, गव्हाळ, काळ्यासावळ्या. त्या फोटोसारखं दिसायला त्या स्वतःच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन घेतात. सावळ्या कातडीवर ते बसत नाही. चेहरा राखाडी दिसतो, मान वेगळी, कान वेगळे. मॅनेजर म्हणतो, नीट लावत नाही. मुलगी समजते, दोष आपल्या रंगात आहे. मग ती मला विचारते, "ताई, गोरं व्हायचं काही आहे का?"

इथून पुढं काय घडतं ते सांगते, कारण यात माझ्या धंद्यातल्या माणसांचाही हात आहे. झटपट गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. पारा कातडीत काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत उजळ दिसायला लागतं. तो पारा कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. अकोल्यात एक मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना असंच क्रीम वापरून मूत्रपिंडाचा आजार झाला. ते क्रीम गावातल्याच एका ब्युटिशियनकडून आणलेलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. 2023 मध्ये ही बातमी आली तेव्हा मी माझ्या पार्लरमधलं एकेक खोकं खाली काढून त्यावरचं लेबल वाचलं. त्याच वर्षी केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशाच रुग्णांच्या बातम्या आल्या. आपल्या देशातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांत डोळ्यांच्या मेकअपचा अपवाद सोडला तर पारा घालायला बंदी आहे, चुकून राहिला तर दहा लाख भागांत एक भाग, त्यापेक्षा जास्त नाही. पण ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही आणि परवान्याचा नंबर नाही, ती डबी कुठला नियम पाळणार? गोरं व्हायला लावतात त्या स्टेरॉइडच्या मलमाच्या ट्यूबचंही तेच. 2018 मध्ये अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला सरकारनं मनाई केली. तरी मुली एकमेकींना नाव सांगून ती आणतात, गाल लाल होतात, उन्हात जळजळतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि सोडलं की आधीपेक्षा वाईट होतं.

तुम्ही कुणी मुलींना पाऱ्याचं क्रीम लावायला सांगितलं, असं मी म्हणत नाही. तुम्ही एक गोरा फोटो टाकला आणि खाली 'असं यायचं' लिहिलं. पुढचं सगळं पगार जाईल या भीतीनं घडलं.

एका ताईंबद्दल सांगायचं आहे. त्यांचा नवरा गेला तेव्हा मुलगा चौथीत होता. वर्षभरात त्या एका साड्यांच्या दुकानात लागल्या. दुकानात नियम असा की टिकली आणि लिपस्टिक पाहिजेच, गिऱ्हाइकाला 'मोकळं कपाळ' चालत नाही. गल्लीत नियम असा की नवरा गेलेल्या बाईनं तोंड रंगवायचं नाही. म्हणून त्या घरातून तशाच निघायच्या, सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या, बाथरूममध्ये लावायच्या, आणि रात्री तिथंच पुसून गावाकडची एसटी धरायच्या. एकदा पुसायचं राहिलं. पुढचे कित्येक दिवस शेजारणी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या माझ्याकडं आल्या ते पटकन निघणारी लिपस्टिक मागायला. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला टिकली आवडायची. लिपस्टिक कधीच नाही आवडली. पण हे कुणी विचारलंच नाही बघा."

आपला जिल्हा या बाबतीत पुढं गेलेला आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आणि तरीही किती खोलवर हा विचार बसलेला आहे बघा. बिहारमधल्या एका जुन्या खून खटल्यात एका घरात मेकअपचं सामान सापडलं होतं. ते खून झालेल्या बाईचंच असणार, कारण तिथं राहणारी दुसरी बाई विधवा आहे, तिला मेकअपची गरज काय, असं पाटणा उच्च न्यायालयानं निकालात म्हटलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हे शेरे अत्यंत आक्षेपार्ह आहेत.

हेरवाडनं बाईला जे परत दिलं ते तिचं ठरवणं आहे, अशी माझी समजूत आहे. कुंकू ठेवायचं तर ठेव, नको तर नको. तुमच्या दुकानात टिकलीची सक्ती होते तेव्हा त्याच ठरवण्यावर तुम्ही दुसऱ्या बाजूनं हात टाकता.

बाहेरच्या देशांतही हे वाद झाले आहेत. अमेरिकेत रेनो शहरातल्या एका कसिनोत डार्लीन जेस्पर्सन नावाची बाई जवळजवळ वीस वर्षं बारटेंडर होती, कामात चोख. 2000 साली मालकांनी नियम आणला की बायकांनी पावडर, लाली, मस्कारा, लिपस्टिक रोज लावलीच पाहिजे. तिनं नकार दिला. मेकअप केला की आपण आपण राहत नाही, असं तिचं म्हणणं होतं. नोकरी गेली. ती कोर्टात गेली आणि 2006 मध्ये हरली. म्हणजे कायदा दरवेळी बाईच्या बाजूनं उभा राहतोच असं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र मी कोर्टाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. 2019 मध्ये व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीनं आपल्या हवाईसुंदरींवरची मेकअपची सक्ती स्वतःहून काढून टाकली. ज्यांना लावायचा त्या लावतात. विमानं उडतातच.

आमच्याच धंद्यातलं एक उदाहरण देते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मेकअप आर्टिस्टच्या संघटनेचा नियम होता की मेकअप पुरुषच करणार, बायकांनी फक्त केस करायचे. पन्नासहून जास्त वर्षं हे चाललं. चारू खुराणा रीतसर शिकून आली होती, तिलाही सभासदत्व नाकारलं. 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. बाईच्या चेहऱ्याला ब्रश कुणी लावायचा हेसुद्धा पुरुषांच्या बैठकीत ठरत होतं, आणि आम्हा पार्लरवाल्यांना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा सवयीनं चालत आलेली गोष्ट बरोबरच असते, असं धरून चालू नका.

गिऱ्हाईक चेहरा बघतं, या मुद्द्यावर पुन्हा येते, कारण धंदा मलाही करायचा असतो. तुमची गिऱ्हाइकं माझीही गिऱ्हाइकं आहेत. खुर्चीत बसल्यावर त्या दुकानांबद्दल बोलतात. अमक्या दुकानातली पोरगी चांगली आहे, सेमी पैठणीला पैठणी म्हणून खपवत नाही. तमक्याकडची मुलगी दागिन्यातली सोन्याची घट आणि मजुरी वेगवेगळी करून सांगते, ठुशी गळ्यात घालून आरसा धरते, घाई करत नाही. कुणाची लिपस्टिक कुठल्या शेडची होती, हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाइकाला प्रसन्न मुलगी हवी असेल, तर तिला बसायला एक स्टूल द्या. दिवसभर उभी असलेली बाई कितीही रंगवली तरी सहा वाजता दमलेलीच दिसते. केरळ आणि तमिळनाडूनं दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला आहे. तुम्ही कायद्याची वाट बघायचं कारण नाही.

तेव्हा या दसऱ्याला ग्रुपवर तो फोटो टाकू नका. आधीच टाकला असेल तर खाली एक ओळ लिहा, की मेकअप ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे, लावला नाही म्हणून कुणाला काही बोललं जाणार नाही. ही ओळ लिहूनच द्या, तोंडी नको, कारण तोंडी दिलेली मुभा सुपरवायझर बदलला की संपते. फरशी पुसणाऱ्या बाईलाही ती ओळ वाचून दाखवा. ड्रॉवरमधलं सगळ्यांचं मिळून असलेलं काजळ आजच फेकून द्या. आणि एखाद्या जाहिरातीच्या दिवशी, उद्घाटनाला, फोटोशूटला तुम्हाला खरंच सगळ्यांचा मेकअप हवा असेल, तर त्या दिवशी सामानाचा खर्च दुकानानं करावा, तयार व्हायला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा, आणि मुलीच्या कातडीच्या रंगाचं फाउंडेशन आणावं.

ज्या मुलींना आवडीनं शिकायचं आहे त्यांच्यासाठी मी दुकान बंद झाल्यावर तुम्ही बोलवाल तिथं येईन. आपल्या रंगाची शेड कशी ओळखायची, लेबलवर परवान्याचा नंबर आणि तारीख कुठं बघायची, झोपायच्या आधी मेकअप कसा काढायचा, एवढं तासाभरात होतं. मला पैसे नकोत. फक्त ज्या मुली शिकायला न थांबता एसटी धरायला निघून जातील, त्यांची नावं लिहून घेऊ नका.

आपली,
राजारामपुरीतली एक पार्लरवाली